मुलाच्या वाट्याचा वेळ

माझा साडेतीन वर्षांचा नातू आणि मी रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो. माझ्या पायांना जे अंतर दहा मिनिटांचे, ते त्याच्या पायांना पाऊण तास पुरते. वाटेत मुंग्यांची रांग लागली की ती संपेपर्यंत थांबावे लागते. मागच्या आठवड्यात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हैस पिळताना त्याने पाहिली. लोक पेले भरभरून धारोष्ण दूध पीत होते. त्याने माझे बोट ओढून विचारले, “आबा, मग रेडकाला?”

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पण तो प्रश्न काही मनातून गेला नाही.

माझी मुलगी या वयाची होती तेव्हा मी कामगार चळवळीत होतो. सकाळी घर सोडताना ती झोपलेली असे आणि रात्री परतताना पुन्हा झोपलेली असे. ती पहिल्यांदा केव्हा चालली, कोणता शब्द पहिल्यांदा बोलली, हे मला तिच्या आईकडून कळले. गेटसभेत आम्ही आठ तासांच्या कामाचा हक्क मांडत होतो. उरलेले तास माणसाने कशासाठी वापरायचे, हा प्रश्न मात्र मी स्वतःला कधी विचारला नाही. घरातला सारा भार दुसऱ्या एका माणसावर टाकून मी समतेची भाषणे करीत होतो, ही कबुली उशिरा का होईना, दिली पाहिजे.

काही साथी म्हणतील, लहान मुलाच्या बाललीलांचे कौतुक हा मध्यमवर्गीय भावुकपणा झाला. चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? मला तसे वाटत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीत विश्रांतीइतकाच कुटुंबाचाही वाटा होता. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. तुरुंगातल्या त्या सत्याग्रहीला आठवले ते काय? आईने घातलेली आंघोळ, तिने वाढलेले जेवण, तिचे रागावणे आणि जवळ घेणे. अशा क्षुल्लक वाटणाऱ्या क्षणांतूनच एक माणूस घडला होता.

हे क्षण फुकट मिळतात असा आपला समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्यांना वेळ लागतो आणि वेळ हा आपल्या समाजात जमिनीइतकाच विषम वाटला गेला आहे.

हिवाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही उसाच्या फडावर जाऊन पाहावे. बीडहून, मराठवाड्याच्या इतर भागांतून मुकादमाची उचल घेऊन आलेली कुटुंबे कोप्या घालून राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार, असा हा हिशेब. त्यात मूल कुठेच नाही. उजाडण्यापूर्वी आई फडात उतरते. तान्हे बांधावर लुगड्याच्या झोळीत असते आणि त्याला झोका द्यायला पाच-सहा वर्षांची बहीण. मजुरी टनावर ठरलेली असल्याने लेकराला पाजायला बसणे म्हणजे तेवढ्या मोळ्या कमी होणे. त्या आईला मुलाचे कौतुक नसते असे कोणी म्हणू नये. डोक्यावरची मोळी उतरवून झोळीत डोकावताना तिचा चेहरा ज्याने पाहिला आहे, तो असे म्हणणार नाही. तिच्याजवळ माया आहे, पण उसंत तिच्याकडून काढून घेतली गेली आहे. माझ्या नातवाने रेडकाबद्दल विचारले, तोच प्रश्न इथे माणसाच्या लेकराबद्दल विचारायचा आहे.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. परंतु मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता म्हणून नोंद असलेल्या स्त्रीला या रजेचा उपयोग काय? साखरशाळा निघाल्या, ते चांगलेच झाले. पण शाळेच्या वयाला न पोचलेल्या लेकराची सोय अजूनही झोळीतच आहे.

म्हणून मागणी साधी आहे. गळीत हंगामात मजुरांच्या प्रत्येक तळावर पाळणाघर असावे आणि त्याचा खर्च कारखान्याने उचलावा. पाजण्याच्या वेळेची मजुरी कापली जाऊ नये. आणि मूल सांभाळणे हे एकट्या आईचे काम नव्हे, हे आम्हा पुरुषांनी कायद्याची वाट न पाहता घरात मान्य करावे. माझ्यासारख्या कार्यकर्त्यांनी तर अगोदर.

मुलीचे ते दिवस मला परत मिळणार नाहीत. आता नातू मुंग्यांपाशी बसला की मीही शेजारी टेकतो. गुडघे कुरकुरतात; तो मुंग्या मोजतो, पाचानंतर पुन्हा एकपासून सुरुवात करतो. घाई करण्यासारखे माझ्याकडे आता काही नाही. ही चैन माझ्या वाट्याला म्हातारपणी आली. फडावरच्या आईला ती तिच्या तरुणपणी, मूल झोळीत असतानाच मिळाली पाहिजे.