विश्रांतीचे पैसे कोणी द्यायचे?

जुलैच्या अखेरीस दोन तारखा शेजारी शेजारी येतात. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. ३० जुलै हा डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा जन्मदिवस. त्या काळात त्या मद्रास कौन्सिलात उपाध्यक्षपदी होत्या. तमिळनाडूत गरीब गरोदर बाईला मिळणारी सरकारी मदत आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

बाळंतिणीला विश्रांती हवी, याला तोंडावर विरोध कोण करणार? घोडे पेंड खाते ते पुढच्या प्रश्नाशी: तेवढे दिवस चूल कोणाच्या पैशावर पेटायची? बाबासाहेबांचे उत्तर दुपदरी होते. लोककल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी, म्हणून भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमातून मालकालाही फायदा होतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत. १९२९च्या मुंबई कायद्याने मालकाला धरले आणि सरकारला मोकळे सोडले. १९६१चा केंद्रीय कायदाही त्याच वाटेने गेला.

या निवडीचे परिणाम तमिळनाडूतल्या कुंभकोणमसारख्या गावात उघड दिसतात. तिथल्या सरकारी शाळेतल्या शिक्षिकेला १ जुलै २०२१ पासून वर्षभराची भरपगारी रजा आहे. साडीच्या मोठ्या दुकानात कामाला असलेल्या मुलीला २६ आठवडे मिळू शकतात. पण दुकानात नऊच माणसे असतील तर केंद्राचा कायदा तिथे पोचत नाही. शेजारच्या तिरुभुवनममध्ये रेशमाचा माग घरातच असतो. कांडी भरणारी, ताणा लावायला नवऱ्याच्या बरोबरीने राबणारी बाई कोणाच्याच हजेरीपटावर नसते, मग तिला रजा देणार कोण? तिच्या वाट्याला येते ती मुथुलक्ष्मी रेड्डी योजना: १४ हजार रुपये हप्त्याहप्त्याने रोख आणि चार हजारांचे पोषण संच. हे १८ हजार २६ आठवड्यांवर पसरले, तर दिवसाला शंभर रुपयेही पडत नाहीत. सरकार अशा बायकांसाठी सामूहिक वळैकाप्पू, म्हणजे आपल्या डोहाळजेवणासारखा समारंभही भरवते. बांगड्या भराव्यात, जरूर भराव्यात. पण बुडालेल्या मजुरीचा हिशेब त्याने होत नाही. तरीही १९८७ पासून रेड्डी योजना चालवणारे राज्य इतरांच्या पुढेच आहे. केंद्राच्या अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून किमान सहा हजार रुपये लिहिलेले असताना, केंद्राचीच मातृवंदना योजना पहिल्या बाळाला पाचच हजार देते.

बाळंतपणाचा भार सगळ्यांनी मिळून उचलावा, हा विचार कुंभकोणमच्या याच मुलखात फार जुना आहे. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या मराठी राजांनी छत्रे, म्हणजे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा, बांधली होती. कंपनी सरकारने ती ताब्यात घेऊ नयेत म्हणून सरफोजीराजांनी १८०१ साली रेसिडेंटला पत्र लिहिले. वाटेत अडलेल्या गरोदर बाईचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होते आणि नंतर तीन महिने तिला तिथे राहता येते, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. तिचा मालक कोण, ती किती दिवस कामावर होती, याची चौकशी नव्हती. राजेशाहीचे गोडवे गाण्याची आम्हाला हौस नाही. पण खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, ही समज तिथे होती.

मालकावरच सगळा भार टाकला की तो बाईला कामावर घेतानाच बिचकतो, हे उघड आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा करार म्हणूनच हा खर्च विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा असे सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडेही राज्य कामगार विम्यात २६ आठवड्यांचा पूर्ण पगार विमा निधीतून मिळतोच. मात्र पगार २१ हजारांच्या आत हवा. वाट माहीत आहे, ती रुंद करायची इच्छा हवी. बाळाच्या बापाला तर खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. केंद्राच्या नोकरीत पंधरा दिवस आहेत.

न्यायालयांनी अधूनमधून दार ढकलले आहे. तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेला दोन अपत्यांच्या नियमावर बोट ठेवून रजा नाकारली गेली होती. २३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने ती देवविली आणि प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्कांचा भाग ठरवला. दिल्ली महापालिकेच्या रोजंदार बायकांना हा लाभ २००० सालीच मिळाला. कंत्राट संपले म्हणून तो तोडता येत नाही, हेही २०२३ मध्ये ठरले. पण कोर्टात जायला आधी नोकरी लागते.

ज्यांना ती आहे त्यांनी आपला हक्क सोडू नये. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल तर लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ, उरलेली बाळंतपणाचा दाखला दिल्यावर ४८ तासांत मिळायला हवी. रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. मात्र कांडी भरणाऱ्या बाईसाठी त्या संहितेत रजेचा पगार नाही. तो सरकारने द्यावा, किमान मजुरीच्या दराने आणि २६ आठवडे.