थँक्सगिव्हिंगला अकरापर्यंत झोपू नका

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्या दिवशी सुट्टी, शुक्रवारीही बहुतेक ऑफिसं बंद, म्हणजे सलग चार दिवस मोकळे. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. बुधवारी रात्री दोनपर्यंत पत्ते, गुरुवारी अकराला उठणे, दुपारी कोणाकडे तरी पॉटलक आणि संध्याकाळपासून फोनवर ब्लॅक फ्रायडेच्या डील्स. टर्की खाणारे आपल्यात थोडेच, त्यामुळे टेबलावर बिर्याणी आणि पनीर. इथे आल्यावर पहिली तीन वर्षं मीही हेच केलं. त्यात वाईट काही नाही. पण गेल्या वर्षी माझं मत बदललं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मत असं आहे: थँक्सगिव्हिंगची सकाळ झोपेत घालवणं म्हणजे वर्षातली सगळ्यात कामाची सकाळ वाया घालवणं. ती घरच्यांना आणि मित्रांना घेऊन रस्त्यावर चालण्या-धावण्यात घालवावी.

अमेरिकन लोकांनी याची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात वायएमसीएने १८९६ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी एक शर्यत भरवली. अंतर साधारण ८ किलोमीटर. सहा जण धावायला उभे राहिले, त्यातले चौघेच शेवटपर्यंत पोचले! बॉस्टन मॅरेथॉन सुरू झाली एप्रिल १८९७ मध्ये, म्हणजे बफेलोची ही शर्यत तिच्याहून पाच महिन्यांनी मोठी. ती अजून दर वर्षी होते आणि आता तिथे हजारो लोक येतात. तिच्यासारख्या ‘टर्की ट्रॉट’ आज अमेरिकेतल्या गावोगावी असतात, बहुतेक ५ किलोमीटरच्या. डोक्यावर टर्कीच्या आकाराची टोपी घातलेले आजोबा, बाबागाडी ढकलत पळणारी आई, कुत्रा, शाळकरी पोरं, सगळे एकाच रस्त्यावर.

आता इंजिनियर आहे म्हटल्यावर आधी हिशोब मांडणं आलं. धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. माझं वजन ७० किलो. पाच किलोमीटर धावलो तर ३५०. पम्पकिन पायचा एक बऱ्यापैकी तुकडा खाल्ला की हिशोब जवळजवळ बरोबरीत. चालत गेलात तर तेवढाही नाही. थोडक्यात काय, दुपारी हाणता यावं म्हणून सकाळी पळायचं हे गणित जमत नाही. ज्यांनी त्यासाठी जायचं ठरवलंय त्यांनी खुशाल झोपावं.

मग जायचं कशाला? याचं उत्तर मला गेल्या वर्षी मिळालं.

आई-बाबा पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी आले होते. पुण्यात बाबा रोज पहाटे हनुमान टेकडी चढतात. टेकडीवर त्यांचा ग्रुप आहे, उतरल्यावर चहा आहे, राजकारणावरची भांडणं आहेत. इथे ओहायोत आमच्या अपार्टमेंटमधून बाहेर पडलं की समोर चौपदरी रस्ता, आणि फुटपाथ नाही. पहिल्या आठवड्यात ते दोनदा पार्किंग लॉटमध्येच फेऱ्या मारून आले, नंतर तेही बंद. मी सकाळी लॅपटॉप उघडायचो आणि त्यांच्या हातात रिमोट द्यायचो. मनात म्हणायचो, आयुष्यभर राबले, आता आराम करू देत. सातव्या आठवड्यात त्यांची शुगर वाढलेली दिसली. आई एवढंच म्हणाली, “अरे, ते इथे कोणाशी बोलतच नाहीत.” मला फार लाज वाटली.

म्हणून नाव नोंदवलं. फी ऐकून बाबा म्हणाले, “रस्त्यावर चालायचे पैसे? आणि डॉलरमध्ये?” मुद्दा अगदीच चूक नव्हता. पण आमच्या गावच्या ट्रॉटचे पैसे फूड बँकेला जातात हे कळल्यावर जरा शांत झाले.

गुरुवारी सकाळी तापमान २ अंश. बाबांनी स्वेटर, त्यावर माझं जॅकेट आणि डोक्याला पुण्याहून आणलेली माकडटोपी असा जामानिमा केला. आमच्या ग्रुपमधला एक पट्टीचा धावपटू २३ मिनिटांत शर्यत संपवून उलटा आमच्याकडे चालत आला. आम्हाला एक तास आठ मिनिटं लागली. शेवटच्या किलोमीटरला एक अनोळखी अमेरिकन आजोबा बाबांच्या शेजारून चालत होते. त्यांचेही गुडघे दुखत होते. दोघांच्या इंग्रजीचा एकमेकांशी फारसा संबंध नसतानाही गुडघ्यांवर वीस मिनिटं चर्चा झाली. दोन महिन्यांत बाबा परक्या माणसाशी एवढं बोललेले मी पाहिले नव्हते.

माझ्या मते खरी गोष्ट ही आहे. पॉटलकला आई-बाबा लोक सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसतात, आपण दुसऱ्या खोलीत व्हिसा आणि घरांच्या किमतींवर बोलतो, पोरं आयपॅडवर. एका छताखाली तीन वेगवेगळे कार्यक्रम. चालताना तसं होत नाही. सगळ्यांचा रस्ता एक आणि बोलायला तास मोकळा. शेजारी शेजारी चालत असलं, तोंडाकडे बघायचं नसलं, की बाबालोक जरा मोकळेही होतात. ट्रॉटच पाहिजे असंही नाही. फी द्यायची नसेल तर जवळचं पार्क आहेच, ते फुकट आहे.

दोन सूचना मात्र. एक, वर्षभर खुर्चीत बसून त्या दिवशी थंडीत एकदम सुसाट पळू नका, आणि आई-बाबांना बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन, ग्रुपमध्ये जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या वेगाने चला. ज्याला वेळ नोंदवायची आहे त्याने पुढे जावं, पण आमच्या मित्रासारखं परत यावं.

आणि हो, फक्त थँक्सगिव्हिंगला नेऊन भागत नाही हे मलाही कळलं. त्यानंतर ते परत जाईपर्यंत रोज ऑफिसआधी मी बाबांना गाडीने पार्कमध्ये न्यायला लागलो. अर्धाच तास. तो पहिल्या आठवड्यातही काढता आला असता.

यंदा ते पुण्यात आहेत. आमच्या ट्रॉटची वेळ सकाळी साडेआठ, म्हणजे तिकडे संध्याकाळचे सात. बाबांनी आधीच कळवलंय, “मी सोसायटीत चकरा मारीन, तू फोन लाव.” दोघांचे मिळून दहा किलोमीटर होतील, आणि त्यांच्या वाट्याला फीसुद्धा नाही :-)