गेम घेण्याआधी वायफाय बंद करून बघा

पाचगणीच्या वसतिगृहात मुलं ठेवलेल्या पालकांना हे सांगायचंय. दिवाळीला, मेमध्ये पोरं घरी येतात, गेम मागतात. वर्षभर लांब राहतात म्हणून आपलाही हात सैल सुटतो. पैसे जरूर द्या, पण आधी एक विचारा: कंपनीने सर्व्हर बंद केला तर हा गेम चालेल का?

२०२० च्या टाळेबंदीत वसतिगृहं रिकामी झाली, तेव्हा कितीतरी मुलं पबजी या मोबाइल गेमवर भेटायची. २ सप्टेंबरला सरकारने बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा थांबली. यूसी, म्हणजे गेममधलं चलन, विकत घेऊन जमवलेले पोशाख, म्हणजे स्किन, तिथेच अडकले. जुलै २०२१ मध्ये पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय आला. जुनं खातं त्यात हलवता यायचं, पण ठरावीक मुदतीतच. पुढच्या जुलैत तोही ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. खिसा मात्र आईबापांचा होता.

युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम तर एकट्याने खेळायलाही इंटरनेट मागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि लोकांच्या घरातल्या डिस्क निकामी झाल्या. त्यावरून यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम काढली; युरोपात तिला दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. आपल्याकडे असा आवाज अजून ऐकू येत नाही.

तेव्हा पोराने मागितलेला गेम त्याच्या मित्राकडे असेल तर वायफाय बंद करून चालतो का बघा. पुण्यात घडलेला ‘राजी’ हा गेम एकट्याने खेळायचा आहे. अशांवर खर्च करा, स्किनवर नको. जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमची इन्स्टॉल फाइल हार्डडिस्कवर उतरवून ठेवता येते. ती उतरवाच. खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, कारण सेवा बंद होण्याची, खातं हलवण्याची सूचना तिथेच येते आणि मूल तेव्हा वसतिगृहात, फोनपासून दूर असतं.

आणि माळ्यावर मारिओ-कॉन्ट्राच्या जुन्या कॅसेटी असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. त्यांना कुणाचा सर्व्हर लागत नाही. या सुट्टीत पोरांना लावून दाखवा.