पंचविसाला साठाचा जाच

ग्राफिक्स कार्डाच्या किमतीवरून घरच्या चित्रगृहाची प्रत ठरवू नये, हे या स्तंभात इतक्या वेळा लिहून झाले आहे की पुनरुक्तीच्या आरोपाची आम्हांस आता सवय झाली आहे. परंतु या आठवड्यात नवीन पनवेलमधील एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात जे दृष्टीस पडले, त्यामुळे ते जुने प्रकरण पुन्हा दप्तरातून काढणे भाग आहे. स्नेह्यांच्या चिरंजीवांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, ज्याच्या पंख्यापंख्यांत सप्तरंगी दिवे लुकलुकतात असा एक संगणक टीव्हीखाली प्रतिष्ठित केला होता, आणि वडिलांच्या आवडीचे म्हणून त्यावर पहिले जे लावले, ते होते मुंबई दूरदर्शनच्या जुन्या काळातील एका नाट्यप्रयोगाचे चित्रण. नट या विंगेतून त्या विंगेकडे चालू लागला की मध्येच अडखळे, आणि त्याने हात उगारला की बाहीच्या कडेला कंगव्यासारखे दाते फुटत. "काका, कार्ड एकशे चव्वेचाळीस फ्रेम्स देतंय," चिरंजीव म्हणाले, "रेकॉर्डिंगच खराब असणार."

रेकॉर्डिंग निर्दोष होते. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५०, म्हणून आपली दूरचित्रवाणीही त्याच हिशेबाने बसविली गेली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हापासून सेकंदाला २५ चित्रे, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विणलेले, हाच शिरस्ता राहिला. चित्रपटाची चाल २४ ची, आणि संगणक मात्र, त्यास कोणी हटकले नाही तर, सेकंदाला ६० वेळा पडदा रंगविणार. आता साठास पंचविसाने भागावे, तर भागाकार येतो २.४; चित्राचे तुकडे करता येत नाहीत म्हणून काही चित्रे दोन ठोके टिकतात आणि काही तीन, म्हणजे एक सुमारे ३३ सहस्रांश सेकंद, तर दुसरे ५०. नटाची चाल बिघडली ती या भागाकारात. कार्ड १४४ देवो की १४४०, जोवर पडदा पन्नासावर येत नाही तोवर हा जाच सुटत नाही.

ही बाब क्षुल्लक मानणाऱ्यांनी गाण्याचा विचार करावा. २४ चा चित्रपट २५ च्या दूरचित्रवाणीवर दाखविताना तो सरळ चार टक्के वेगाने पळविण्याची वहिवाट होती. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट पावणेपाच मिनिटे आधीच आटोपतो, आणि गाणे मूळ स्वराच्या वर चढते, इतके की पांढरी एक आणि काळी एक यांमधील अंतराचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्यात खर्ची पडतो. ज्या महाराष्ट्रात पेटीच्या पट्टीवरून मैत्र्या तुटलेल्या आहेत, तेथे घराघरांत वर्षानुवर्षे चढ्या पट्टीतील गाणी मुकाट्याने ऐकली गेली, याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते.

असो. आम्ही चिरंजीवांसमोर जी तुलना मांडली, तीच या लेखाचा मुख्य दस्तऐवज. त्यांच्या यंत्रावर कार्ड-कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर, म्हणजे कार्डास हुकूम पोहोचविणारा प्रोग्रॅम, होता: चकचकीत पटल, खेळांसाठी शेकडो तरतुदी, आणि ५० हर्ट्झची नोंद चार दालने ओलांडून तळघरात, ती शोधून निवडावी, तर पुढच्या अद्ययावतीकरणाचे फर्मान सुटताच पुन्हा साठ. शिवाय हा ड्रायव्हर काळ्या रंगाची पातळी १६ पासून मोजून पाठवीत होता आणि टीव्ही ती शून्यापासून वाचीत होता, त्यामुळे रंगमंचावरील काळोख राखेसारखा फिकट दिसत होता. आम्ही ते भव्य कार्ड उपसून बाजूस ठेविले, एचडीएमआय वायर थेट मदरबोर्डच्या खाचेत बसविली, प्रोसेसरमध्येच अंगभूत असलेल्या इंटेलच्या ग्राफिक्सवर भिस्त ठेविली आणि पेनड्राइव्हवरून लिब्रेइलेक ही कार्यप्रणाली सुरू केली, जिच्यात लिनक्सच्या गाभ्याबरोबरच खुला ड्रायव्हर येतो आणि जिच्या दर्शनी भागी कोडी हा चित्रे दाखविणारा प्रोग्रॅम असतो. कोडीत 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' अशी एक नोंद आहे. ती मुळात बंद का ठेवितात हे कर्त्यांनाच ठाऊक, परंतु ती चालू करताच पडदा क्षणभर काळा झाला, टीव्हीच्या कोपऱ्यात ५० हर्ट्झ उमटले, आणि नट या विंगेतून त्या विंगेत सरळ चालत गेला. बाहीचे दातेही गेले, कारण विणलेली अर्धी चित्रे उलगडण्याचे काम आता त्यांच्या मूळ चालीने होत होते. चिरंजीवांनी कार्ड उचलून खोक्यात घातले. बोलले काही नाही.

सॉफ्टवेअरच्या निवडीतही इतिहासाचा कौल असाच आहे. विंडोज मीडिया सेंटर २००२ मध्ये वाजतगाजत आले आणि २०१५ मध्ये, विंडोज १० च्या आगमनाबरोबर, त्याची मुकाट्याने बोळवण झाली. उलट त्याच २००२ साली विंडोजच्याच कंपनीच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी काही हौशी मंडळींनी विनामूल्य लिहिलेला प्रोग्रॅम २०१४ पासून कोडी हे नाव धारण करून आजतागायत नांदतो आहे. सनद असलेला गेला, बिनसनदी टिकला.

तथापि खुल्या ड्रायव्हरच्या वकिलीत विरुद्ध पुरावा दडविणे आम्हांस मंजूर नाही. ज्या इंटेलची आज शिफारस करीत आहोत, त्याच कंपनीची २०११ ची ग्राफिक्स २३.९७६ च्या चित्रपटाला बरोबर २४ चा पडदा देत, आणि सुमारे ४० सेकंदांनी एक चित्र दुबार दिसे. तो दोष निघायला २०१३ चे हॅसवेल प्रोसेसर यावे लागले. एचडीएमआय फोरमने तर २०२४ मध्ये, एचडीएमआयच्या २.१ या आवृत्तीचा खुला ड्रायव्हर प्रसिद्ध करण्याची एएमडी या कार्ड-कंपनीची विनंती साफ फेटाळली. सशुल्क वाहिन्यांचे सर्वोत्तम चित्रही लिनक्सवर बहुधा मिळत नाही. त्यांच्यासाठी टीव्हीतील अ‍ॅप वापरावे आणि तक्रार करू नये.

टीव्हीचा उल्लेख निघालाच आहे, तर आमच्या नित्य शत्रूचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही: मोशन स्मूदिंग, म्हणजे मूळ चित्रांच्या मध्ये टीव्हीने स्वतः रचलेली चित्रे घुसडणे. टॉम क्रूझसारख्या नटाला २०१८ मध्ये ते बंद करा म्हणून लोकांना विनवावे लागले, आणि तरीही पनवेलच्या दहांपैकी नऊ घरांत ते चालूच असणार, असा आमचा कयास आहे. नव्या पिढीस नाट्यातील विराम समजेनासा झाला आहे तो याच सोयीमुळे, असे आमचे ठाम मत; पुरावा मागू नये.

सारांश, आधी आपल्या संग्रहात २४ चे किती आणि २५ चे किती याची रुजवात घालावी. मग जे सॉफ्टवेअर पडद्यास त्यांच्या चालीवर आणते ते निवडावे. मग त्या सॉफ्टवेअरचा हुकूम निमूटपणे पाळणारा ड्रायव्हर. आणि एवढे होऊनही काही उणे भासले, तरच कार्ड. दुकानात हा क्रम नेमका उलटा सांगतात, कारण पहिल्या तीन गोष्टींची पावती फाडता येत नाही.

— यंत्रसाक्षी, पनवेल