गोमातेचा जयजयकार आणि गोमाशीचा चावा

राज्य सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' हा दर्जा दिला. गोशाळेतील देशी गायीमागे रोज ५० रुपये अनुदानही मंजूर केले. या निर्णयाचे ढोल खूप वाजले. पण ज्याच्या छपरात एक म्हैस आणि निम्म्या वाट्याने सांभाळायला घेतलेली दुसऱ्याची गाय आहे, त्या भूमिहीनाच्या पदरात काय पडले, असा आमचा सवाल आहे.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाशा गुरांवर तुटून पडतात. माशीची मादी कातडी कापून रक्त पिते. चावा इतका झोंबतो की जनावर शेपटी हाणते, माशी उडते आणि शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. तिच्या तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तातून 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी' नावाचा परजीवी पुढे जातो. या रोगाला सर्रा म्हणतात. ताप चढतो-उतरतो, रक्त कमी होते, पायांवर सूज येते, दूध आटते, गाभण जनावर गाभडते. घोडे आणि उंट बहुधा दगावतात. गाय-म्हैस मात्र पुष्कळदा वरून धडधाकट दिसते आणि रोग बाळगून असते. कामाचा ताण पडला, चारा आटला की रोग उसळतो. मग कुणी म्हणतो नजर लागली, कुणी म्हणतो देवीचा कोप झाला. कोंबडे कापले जाते. जनावराचे रक्त तपासले जात नाही.

हा परजीवी काही आज सापडलेला नाही. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश लष्करी पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माइल खान भागात घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला. १८८९ मध्ये जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली. साम्राज्याला आपल्या घोडदळाची काळजी होती, आजच्या सत्तेला आपल्या प्रतीकाची आहे. कष्टकऱ्याचे जनावर तेव्हाही रांगेच्या शेवटी होते, आजही तेथेच उभे आहे.

आणि प्रश्न केवळ जनावरांचा नाही. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला. माणसाच्या रक्तात या जंतूला मारणारे एक प्रथिन असते. या शेतकऱ्याच्या शरीरात ते जन्मतःच नव्हते, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. सुरामिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मिळवावे लागले, तेव्हा तो बरा झाला. पुढे त्याच्या गावातील १८०६ लोकांची चाचणी झाली. प्राथमिक चाचणीत ४१० जणांच्या रक्तात या परजीवीविरुद्धच्या खुणा दिसल्या. पुढील तपासणीत कुणाच्याही रक्तात जिवंत परजीवी सापडला नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु गुरांच्या रक्ताशी गावातल्या माणसांचा संबंध येतो, हा इशारा त्यात आहे. गुरे राखणारे, शेण काढणारे, मेलेले जनावर सोलणारे हात कोणत्या वस्तीतले असतात, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृतमांस सोडा असे बजावले. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. आज तो आरोग्याचाही आहे.

२०१५ च्या कायद्याने राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे रोगाने खंगलेला बैल विकताही येत नाही आणि पोसताही येत नाही. जनावर वाचवण्याचा कायदा करणाऱ्यांनी ते जगवण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

यासाठी चमत्कार नको आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. जंतू रक्तात कमी-जास्त होत असल्याने गरज पडल्यास पुन्हा पाहायचा. क्विनापायरामिनसारखी औषधे उपलब्ध आहेत. ती पशुवैद्याच्या हातून योग्य मात्रेत मिळाली पाहिजेत. गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक, तो वापरणारा माणूस आणि पावसाळ्याआधी औषधाचा साठा, एवढीच आमची मागणी आहे. ग्रामसभेत ती ठराव करून मांडा. माशी देशी गाय, जर्सी आणि म्हैस असा भेद करत नाही. मग सरकारच्या तिजोरीने तो का करावा?