'करण्यात येईल' म्हणजे कोण करील?



मोठ्या शब्दांचा पाऊस आपल्या कोरडवाहू भागात कधीच कमी पडत नाही. सभेत आपण 'अन्नदाता', 'बळीराजा'. तोच बळीराजा कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्राच्या फाटकाशी पोचला की 'ए, गाडी मागे घे!' राजाशी असे कोणी बोलत नाही. आम्हाला पदवी नको, उत्तर पाहिजे.

उत्तर मागितले की काय मिळते? 'सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' वाक्य भारदस्त आहे. पण कोण करणार, काय करणार, कधी करणार, यातले एकही त्यात नाही. सालदाराने 'डवरणी करण्यात येईल' असे सांगितले तर त्याला कोण कामावर ठेवील?

केंद्रावरचा दुसरा शब्द 'नॉन एफएक्यू'. ऐकणाऱ्याला वाटते, मालात काही भयंकर दोष निघाला. एफएक्यू म्हणजे साधारण बऱ्या प्रतीचा माल, एवढेच. ओलाव्याचा नियम तर दोन आकड्यांत मावतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, ८ ते १२ टक्क्यांत प्रमाणशीर कपात, १२ च्या वर खरेदी नाही. मग मीटरवरचा आकडा का दाखवत नाहीत? आकड्याशी भांडता येते, इंग्रजी अक्षरांशी भांडता येत नाही, म्हणून! २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला. त्या तीन अक्षरांनी गाडी परत फिरली की तोच कापूस व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो. शब्दाची किंमत आपण अशी रोख मोजतो.

आमची कृषी पदवीधरांची जमातही या रोगातून सुटलेली नाही. 'गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत.' हेच साधे सांगता येते: कामगंध सापळ्यात रोज आठ पतंग, लागोपाठ तीन रात्री सापडले, की फवारणी करा. पहिल्या वाक्याने सांगणाऱ्याचा मान वाढतो, दुसऱ्याने बोंड वाचते.

काही म्हणतील, कारभाराला भारदस्त भाषा लागतेच. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत आणला. तो कागद समजून घ्यायला शेतकऱ्याला पुन्हा दलालच गाठावा लागत असेल, तर मराठी आली कुणासाठी?

१८८८ साली पुण्यात इंग्लंडच्या राजपुत्राच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मानार्थ मेजवानी होती. दागिने घालून, उंची पोशाख करून सारे प्रतिष्ठित जमले. महात्मा फुले तिथे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरी रयत कशी आहे ते राजपुत्राला तोंडावर सांगितले. डामडौलाला हेच उत्तर आहे.

तेव्हा यापुढे कचेरीतून येणारे प्रत्येक उत्तर तीन प्रश्नांवर तपासा: कोण? किती? कोणत्या तारखेला? उत्तर नसेल तर तेच तीन प्रश्न लिहून अर्ज पुन्हा द्या आणि पोच घ्या. केंद्रावर गाडी परत फिरवली तर ओलाव्याचा आकडा आणि कारण लेखी मागा.

आणि हा नियम आपल्या मंचालाही लावा. हार, शाल, नारळ, 'सन्माननीय व्यासपीठ' यात तासभर गेला, तर धुऱ्यावरून आलेल्या माणसाने बोलायचे कधी? जिल्हा बैठकीत आधी गावे बोलतील. पुढारी नंतर बोलतील, आणि तेही तारीख सांगूनच खाली बसतील.