शोधप्रबंधाची अखेरची परीक्षा : उपचार की उत्तरदायित्व?

नगर-पुणे रस्त्यावरील केडगाव आज अहिल्यानगर महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर आहे. येथून पुण्यातील सावित्रीबाई फुले विद्यापीठ सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, तर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्याहून बरेच जवळ. महाविद्यालयात शिकवता शिकवता पीएच.डी. करणाऱ्या येथील संशोधकाचा प्रवास नोंदणी, संशोधन सल्लागार समितीपुढील सादरीकरणे, प्रबंध सादर करणे आणि परीक्षकांच्या अहवालांची प्रतीक्षा अशा टप्प्यांनी पाच-सहा वर्षे चालतो आणि अखेरीस मौखिक परीक्षेपाशी येऊन ठेपतो. तासा-दीड तासाच्या या ‘व्हायवा’नंतर नावामागे ‘डॉक्टर’ लागते. त्या दिवशी सभागृहात शाल, श्रीफळ आणि पेढे आधीच आणून ठेवलेले असतात. निकाल गृहीत धरलेल्या या परीक्षेचे महत्त्व मात्र गेल्या काही वर्षांतील नियमबदलांमुळे कमी न होता वाढले आहे.

दोन चाळण्या सैल झाल्या

प्रबंधाची गुणवत्ता पारखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मौखिक परीक्षेच्या आधी दोन चाळण्या लावल्या होत्या. पहिली शोधनिबंधाची. २०१६ च्या नियमावलीनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आणि परिषदांमध्ये दोन निबंध वाचणे बंधनकारक होते. या सक्तीच्या काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक जोमाने आले. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या १ हजार ९ नियतकालिकांची पुण्यातील संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असल्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आयोगाने मान्यताप्राप्त यादीतून ४ हजार ३०५ नियतकालिके वगळली. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या नव्या नियमावलीत आयोगाच्या पातळीवरील शोधनिबंधाची सक्तीच उरली नाही.

दुसरी चाळणी वाङ्मयचौर्य तपासणीची. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. परंतु ही संगणकप्रणाली जुळणारे शब्द मोजते. विचार कोणाचा, हे तिला कळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आल्यापासून कोठेही न जुळणारा, तरीही संशोधकाने स्वतः न लिहिलेला मजकूर तयार करणे सोपे झाले आहे. अशा स्थितीत प्रबंध खरोखर संशोधकाचा आहे काय, याचे उत्तर मिळण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे समोरासमोरची प्रश्नोत्तरे.

नियमातच दडलेला उपचार

असे असूनही मौखिक परीक्षा हा उपचार मानला जातो, याचे एक कारण प्रक्रियेतच आहे. २०२२ च्या नियमावलीनुसार प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. दोघांनीही स्वीकृतीची शिफारस केली तरच मौखिक परीक्षा होते. एकाने नाकारल्यास प्रबंध पर्यायी परीक्षकाकडे पाठविला जातो आणि त्यानेही नाकारल्यास तो फेटाळला जातो. म्हणजे संशोधक सभागृहात पाऊल ठेवतो, तेव्हा लेखी पातळीवर तो उत्तीर्ण झालेलाच असतो. परीक्षा मंडळात मार्गदर्शक आणि दोनपैकी किमान एक बाह्य परीक्षक असले की भागते. दूरवरून आलेल्या पाहुण्या परीक्षकाने यजमानांपुढे अवघड प्रश्न विचारू नयेत, असा अलिखित संकेतही काम करतो.

वास्तविक हीच नियमावली मौखिक परीक्षा अध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी यांच्यासाठी खुली ठेवते. ‘खुली’ या शब्दाला अर्थ यायचा, तर श्रोत्यांमध्ये केवळ नातलग आणि विभागातील सहकारी असून चालणार नाही. ज्या विषयावर संशोधन झाले, त्याची जाण असलेली माणसे तेथे असली पाहिजेत.

नगर जिल्ह्यापुरते बोलायचे, तर असे विषय आणि अशी माणसे दोन्ही मुबलक आहेत. प्रवरानगरची सहकारी साखर कारखानदारी, राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारचे पाणलोट, पारनेर-पाथर्डीचा दुष्काळ हे अभ्यासकांचे नेहमीचे विषय. हिवरेबाजारवरील प्रबंधात विहिरींची पातळी वाढल्याचे तक्ते देणे सोपे असते. पण ती वाढ बंधाऱ्यांमुळे झाली, त्या वर्षांतील पावसामुळे की गावाने पीकपद्धतीवर घातलेल्या मर्यादेमुळे, असा प्रश्न शेजारच्या गावातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने विचारला, तर संशोधकाची खरी तयारी दिसून येईल. आजच्या नियमात अशा शेतकऱ्याचा उल्लेख नाही. त्याला बोलावण्यास महाविद्यालयांनी पुढाकार घ्यायला हवा.

तयारी कशाची?

मौखिक परीक्षेची तयारी म्हणजे तीस-चाळीस स्लाइड बनविणे, हा समज सार्वत्रिक आहे. परीक्षकाला मात्र प्रबंधाचा सारांश ऐकायचा नसतो. तो त्याने वाचलेला असतो. हाच नमुना का निवडला, विरोधी पुरावा कोठे आढळला, निष्कर्ष कोठवर लागू आहेत आणि कोठे नाहीत, यांची उत्तरे त्याला हवी असतात. परीक्षकांच्या अहवालांतील प्रत्येक आक्षेपाचे लेखी उत्तर तयार ठेवणे आणि प्रबंधाच्या मर्यादा स्वतःहून सांगता येणे, ही तयारीची दोन मुख्य अंगे होत. त्यासाठी विषयाबाहेरच्या दोन-तीन सहकाऱ्यांपुढे सराव केल्यास स्लाइडमागे लपलेले कच्चे दुवे आपोआप उघडे पडतात.

प्रबंधाच्या निष्कर्षांसाठी उभे राहण्याची परंपरा मराठी संशोधकांना नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केला. त्यातील मांडणी परीक्षकांना रुचली नाही आणि फेरलेखन करावे लागले. चरित्रकारांच्या नोंदीनुसार त्यांनी निष्कर्ष मात्र कायम ठेवले. ऑगस्ट १९२३ मध्ये प्रबंध पुन्हा सादर झाला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. इरावती कर्वे यांनी १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या असममितीचा अभ्यास केला. वंश आणि कवटीचा आकार यांचा संबंध दिसून यावा, ही त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती. मोजमापांतून तसा संबंध निघाला नाही आणि कर्वे यांनी तेच लिहिले. मार्गदर्शकाच्या सिद्धांताविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडण्याचे धैर्य हेच त्या पदवीचे सार होते.

पुढे काय?

पीएच.डी. आज नोकरीशीही जोडलेली आहे. सहायक प्राध्यापकपदासाठी ती १ जुलै २०२३ पासून ऐच्छिक झाली. परंतु आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयातील सहयोगी प्राध्यापकपदावरील पदोन्नती तिच्याशी बांधली. पदोन्नती अडलेल्या प्राध्यापकाची घाई समजण्यासारखी आहे. म्हणूनच प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत निकाल लावण्याची नियमावलीतील अपेक्षा काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे. विलंबाची भरपाई सवलतीने करण्याची वेळ विद्यापीठांवर येऊ नये.

करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये, दूरदृश्य प्रणालीद्वारे मौखिक परीक्षा घेण्यास मुभा मिळाली आणि २०२२ च्या नियमांनी ती कायम केली. केडगावच्या संशोधकासाठी यातून पुण्याची फेरी वाचू शकते. पण त्याहून मोठी संधी वेगळीच आहे. परीक्षक पुण्यात वा परदेशात असला, तरी नगरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात पडद्यावर ती परीक्षा शंभर विद्यार्थी पाहू शकतात. आठवडाभर आधी जाहीर सूचना, प्रबंधाचा मराठी सारांश आणि श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवलेली वीस मिनिटे, एवढ्या तीन गोष्टींना नवा निधी लागत नाही.

पदवी मिळण्यापूर्वी प्रबंधाची प्रत गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’कडे जमा होते आणि ‘शोधगंगा’वर ती कोणालाही वाचता येते. म्हणजे प्रबंध अखेर सार्वजनिक होतोच. मग त्याची परीक्षाही तितकीच सार्वजनिक असायला हरकत कोणाची? पेढे वाटायला कोणाची ना नाही. ते प्रश्नांनंतर वाटले जावेत, एवढेच.